सुदामभाऊंचं न हसवता मरणं

आधी सुतारबाईंचं नाव घेतो, मग वाशीमचं सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या लहान गावी त्या हायस्कूलला मराठी शिकवायच्या. मी बारावी झालो तेव्हा वडिलांनी मला गुऱ्हाळावर कामाला लावायचं ठरवलं होतं. आमच्या घरात तोवर कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, त्यामुळे त्यांचंही काही चुकलं नव्हतं. बाई सकाळीच गुऱ्हाळावर आल्या, एका पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हा कॉलेजला जाणार असं तुम्ही म्हणेपर्यंत मी उठणार नाही." आलेल्या माणसाला रिकामं बसवायचं नाही ही आमच्याकडची रीत. वडील थोड्या थोड्या वेळानं त्यांना उसाचा रस देत राहिले, मग काकवी, मग गरम गूळ. बाईही नको म्हणेनात. दुपार कलली तसे वडील घाबरले. बाईंना काही झालं तर गाव काय म्हणेल, एवढ्या एका भीतीनं त्यांनी होकार दिला, आणि मी पुढे तत्त्वज्ञानाचा पदवीधर झालो.

सध्या मी पीएच.डी. करतो. विषय आहे नाटक आणि हसणं यांविषयी प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांचे विचार. बाई निवृत्त होऊन सांगलीला मुलाकडे असतात. माझा विषय ऐकून त्या म्हणाल्या, "ते ग्रीक मेले कधीच. जिवंत माणसं कशाला हसतात ते जाऊन बघ आणि मला पत्रानं कळव. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता 'हो बाई, हो बाई' करतोस."

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा प्रफुल्ल इंगळे वाशीम जिल्ह्यातला. त्याच्या गावात दर जानेवारीत गावकरीच नाटक करतात. तो म्हणाला, "ये. यंदा लय तमाशा हाये." मी पिशवी भरली.

शुक्रवार: फाट्यापासून आत

रेल्वेनं वाशीम, तिथून एसटीनं रिठदच्या बाजूला. फाट्यावर प्रफुल्ल मोटरसायकल घेऊन उभा होता. मागच्या सीटवर सरकीच्या ढेपेचं पोतं होतं आणि त्याच्या मागे उरलेली जागा माझी. गावाचं नाव मी लिहिणार नाही. शेजारच्या गावाचंही नाट्यमंडळ आहे आणि त्यांच्या हाती हा मजकूर पडला तर पुढची दहा वर्षं टोमणे खावे लागतील, असं मला हात जोडून सांगण्यात आलं आहे.

आमच्याकडे उसामुळे शेजारचं शेतसुद्धा दिसत नाही. इथे काळी जमीन, घोट्याच्या वर आलेला हरभरा, पलीकडे बोडक्या टेकड्या. माणूस फार लांबून दिसतो. आणि दिसला की लोक त्याच्याशी तिथूनच बोलायला लागतात. फाट्यापासून गावापर्यंत प्रफुल्लनं तीन जणांशी बोलणी केली. त्यांतल्या एकाचाही चेहरा मला दिसला नाही, पण मी कुठला, कशाला आलो आणि लग्न झालं का, हे तिन्ही शेतांना समजलं.

प्रफुल्लच्या मायनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि ठेचा वाढला. मी कोल्हापूरचा, तिखटाचं मला काय सांगता, असं मी बोलून बसलो. आमच्याकडच्या तिखटाला लाल रंग असतो, ते समोरून येताना दिसतं. ठेचा मागून येतो. माय ताकाचा तांब्या हातात धरून आधीपासूनच दारात उभ्या होत्या.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर रहीमचाचांची ओळख झाली. मंडप आणि लाऊडस्पीकर त्यांचा. नाटकात माईकवरून सगळ्या घोषणा तेच करतात. "हेच का थे हासन्यावर पीएच.डी. करनारे?" असं त्यांनी प्रफुल्लला विचारलं आणि मला बाकावर जागा करून दिली. ग्रीक लोक काय म्हणतात ते सांगा म्हणाले. मी मनापासून सांगितलं. एक मोठा गुरू होता, त्याचं म्हणणं होतं की नाटकवाले लोकांना नको तेवढं हसवतात आणि नको तेवढं रडवतात, म्हणून आदर्श नगरात त्यांना ठेवू नये.

"मंग थ्या गावात नाटक कोन बसवे?"

कोणी नाही, असं मी म्हणालो.

"मंग लोकं रिकाम्या वेळात काय करत?"

"तत्त्वज्ञान."

चाचांनी सगळ्या टपरीकडे पाहिलं आणि फार हळहळून म्हणाले, "बिचारे."

मग मी त्या गुरूच्या शिष्याविषयी सांगितलं. शिष्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, मोठ्या माणसाचं दुःख नाटकात पाहिलं की आपल्या मनात दया आणि भीती दाटून येते आणि तिचा निचरा होतो. आणि हसण्यासारखी गोष्ट म्हणजे अशी चूक किंवा असं वेडंवाकडेपण, ज्यानं कोणाला इजा होत नाही. जसा सोंगाचा मुखवटा वाकडा असतो, पण त्या वाकडेपणानं कोणाला दुखत नाही. रडण्याविषयीचं त्याचं लिखाण आज मिळतं, पण हसण्याविषयीचा भाग हरवला असं मानतात.

"कोनी तरी वाचाले नेला असन," चाचा म्हणाले. "आमच्या वाचनालयाचं बी असंच झालं."

समोरच्या पिठाच्या चक्कीतून एक माणूस बाहेर आला. साठीच्या आसपासचा, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. त्यानं फक्त विचारलं, "चाचा, लाईट कवा येते?" अख्खी टपरी हसली. एक जण तर चहा ठेवून बाजूला गेला. तो माणूस आत परत गेला. ते सुदामभाऊ अवचार.

घरी जाताना प्रफुल्लनं सगळं सांगितलं. सुदामभाऊ आणि त्यांचा मित्र किसन ही गावच्या नाटकातली जोडी. तीस-एक वर्षं सुदामभाऊंनी गंभीर होऊन काहीतरी बोलायला जायचं आणि किसननं मागून त्यांच्या टोपीवर टपली मारायची. गंभीर झाले की सुदामभाऊंच्या भुवया आपोआप वर जातात. त्या वर गेल्या की आता टपली येणार, हे गावाला पाठ. मागच्या वर्षी किसन वारला. इथे अग्नी दिल्यावर तिथेच दोन-चार जण उभे राहून मेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलतात. सुदामभाऊ उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. "किसन," एवढंच म्हणाले आणि भुवया वर गेल्या. कोणाच्या तरी नाकातून फुर्रकन हवा सुटली. मग दुसऱ्याच्या. मग सगळे. किसनचा सख्खा भाऊसुद्धा हसला.

किसनची बायको सुमनवैनी. त्यांनी निरोप पाठवला की तेरवीला येऊ नका. तेव्हापासून गावात कोणी गेलं तर सुदामभाऊंना कोणी बोलवत नाही. अंत्ययात्रा चक्कीवरून जाते आणि ते चक्की बंद करून आत उभे राहतात.

येत्या मंगळवारी किसनचं पहिलं पुण्यस्मरण होतं. सुदामभाऊंनी सुमनवैनींकडे जाऊन एक सौदा केला होता. यंदाच्या नाटकात विनोदी काम करणार नाही, शेवटच्या अंकात मरणार. मरताना एक माणूसही हसला नाही, तर मंगळवारी चार शब्द बोलू द्यायचं. वैनी म्हणाल्या होत्या, पाहू.

शनिवार: मालेगावला दाढी आणायला

नाटकातला किल्लेदार म्हातारा, म्हणून दाढी हवी. ती मालेगावला मिळते. आमच्याकडे मालेगाव म्हटलं की नाशिककडचंच. मी आईला फोनवर मालेगावला चाललोय म्हणालो, तर तिनं विचारलं, "एका दिवसात एवढ्या लांब कशाला?" मग मालेगाव जहांगीर वेगळं, हे समजावण्यात बस सुटता सुटता राहिली. सुदामभाऊ आणि मी बसनं गेलो. त्यांनी दोन तिकिटं मागितली तर कंडक्टर हसला. हा कंडक्टर दुसऱ्या डेपोचा होता, त्यानं यांचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. सुदामभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की, पाहा, आता तुम्हीच लिहून घ्या.

मला त्यांना मदत करायची होती. शिकल्याचा कोणाला काहीतरी उपयोग व्हावा असं माझ्या मनात नेहमी असतं. मी म्हणालो की भुवया आवळून पाहा, त्या वर जाणार नाहीत. त्यांनी आवळल्या. समोरच्या सीटवरची बाई वळून हसायला लागली. मी तो विषय सोडला.

थोड्या वेळानं तेच बोलले. खिडकीबाहेर पाहत होते.

"सर, माह्या जागी कोनी डोळ्यात पानी आनलं तं लोकं पाठीवर हात ठेवतात. म्या आनलं तं टाळ्या वाजवतात. किसन गेला तं मी कोनापाशी रडू? चक्कीपाशी रडलो. चक्की बी बंद पडली."

मला शेवटच्या वाक्याला हसू आलं आणि मी ते दाबलं. त्यांना दिसलंच. "पाहा," ते म्हणाले, "तुमी तं शिकेल हा."

मालेगावच्या दुकानात दाढ्या संपल्या होत्या. जानेवारी म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम, जिल्ह्यातले सगळे ऋषी आणि सगळे शिवकालीन सरदार दाढ्या घेऊन गेले होते. उरली होती ती नाताळातल्या म्हाताऱ्याची, पांढरीशुभ्र, कुरळी आणि पोटापर्यंत. दुकानदार म्हणाला की कापून घ्या. सुदामभाऊंनी आरशासमोर लावून पाहिली. दुकानदार पाठ फिरवून दोऱ्यांची रिळं लावायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते. आम्ही ती घेतली. येताना बसमध्ये मी ती माझ्या पिशवीतल्या कात्रीनं कापली. बस खड्ड्यातून गेल्यामुळे एका बाजूला थोडी जास्त कापली गेली. मग ती बाजू सारखी करायला दुसरी कापली. गाव येईपर्यंत किल्लेदार बराच तरुण झाला होता.

रविवार: नाटक

नाटक दुपारी चारला होतं. रात्री का नाही, तर रात्री अर्धं गाव शेतात असतं. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, त्यांना हाकलायला माणूस लागतो. ग्रीसमध्येही नाटकं उघड्यावर, दिवसाउजेडीच व्हायची. हे मी रहीमचाचांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "त्यायच्याकडे बी रोही होते?"

मला पहिल्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची दिली. शेजारी कारंज्याचे शांतिलालभाऊ बसले होते. ते जैन व्यापारी, या भागातून धान्य घेतात, आणि या नाटकाला दरवर्षी न चुकता येतात. फार हळवे गृहस्थ. पडदा उघडायच्या आधीच त्यांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला होता. बायकांच्या बाजूला पुढेच सुमनवैनी बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर, ताठ.

सौदा सगळ्या गावाला माहीत होता. आणि इतकी गंमत करणारं हे गाव, पण त्या दिवशी सगळ्यांना सुदामभाऊ जिंकायला हवे होते. आयांनी पोरांना तंबी दिली होती. पुरुषांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याची टोकं आधीच तोंडाशी धरली होती. सुदामभाऊ दाढी लावून आले तेव्हा समोरच्या कोणाचेही गाल जागेवर नव्हते. तीनशे माणसं तोंडात गुळणी धरल्यासारखी बसली होती. ही शांतता दुःखाची नव्हती, कष्टाची होती.

तुम्ही आमच्याकडचं गावचं नाटक पाहिलं असेल तर बक्षिसाची रीत तुम्हाला माहीत असेल, पण इथे ती जास्त कडक आहे. प्रेक्षकाला काम आवडलं की तो शेला-नारळ पाठवतो. रहीमचाचा नाटक थांबवून माईकवर नाव सांगतात. नटानं हातातलं काम सोडून पुढे यायचं, नारळ घ्यायचा, देणाऱ्याला नमस्कार करायचा आणि मग परत जाऊन काम पुढे सुरू करायचं. पहिल्या अंकात एका शिपायाला दुसऱ्याच्या छातीवर तलवार धरलेली असताना बक्षीस आलं. तलवार त्यानं शत्रूच्याच हातात दिली, नारळ घेऊन आला, परत गेला आणि तलवार मागून घेतली. न घेणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. त्यावरून इथे दोन घरांची बोलचाल बंद झालेली आहे.

शेवटचा अंक आला. अंधारात कोणीतरी किल्ला चढताना दिसतं, किल्लेदार बाण सोडतो, आणि मशाल आणून पाहतो तर परागंदा झालेला त्याचाच मुलगा परत आलेला असतो. मुलाचं काम प्रफुल्लचं. हे न कळत झालेलं चुकणं आणि मग ओळख पटणं, त्या ग्रीक शिष्यानं यालाच फार मोठं मानलं होतं. मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो.

सुदामभाऊ मुलाजवळ बसले. त्यांनी त्याच्या गळ्यातला ताईत पाहिला. आरोळी नाही, काही नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, बाजूला ठेवली आणि मान खाली घालून थांबले. जणू कोणीतरी मागून टपली मारेल म्हणून वाट पाहत होते. बराच वेळ थांबले. भुवया वर गेल्या असतील, पण मला आठवत नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. माझ्या मागे कोणीतरी हुंदका दिला. दुपट्टे तोंडावरून डोळ्यांवर गेले. मग किल्लेदार मुलाच्या शेजारी हळूच आडवा झाला आणि मेला. एक माणूसही हसला नव्हता.

आता फक्त पडदा पडायचा होता.

शांतिलालभाऊंचा रुमाल भिजून गेला होता. ते रडत रडत उठले, थैलीतून शेला आणि नारळ काढला आणि रहीमचाचांकडे पोचवला. मी त्यांचा हात धरायला हवा होता. पण मीही रडत होतो. माईक खरखरला आणि चाचा डोळे पुसत म्हणाले, "सुदामभाऊंच्या मरन्यावर खुश होऊन, कारंज्याचे शांतिलालभाऊ यांच्याकडून शेला-नारळ."

किल्लेदार हलला नाही.

चाचांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी परत सांगितलं. शांतिलालभाऊ हात जोडून उभे होते. सगळं गाव श्वास रोखून पाहत होतं. उठले तर मरण गेलं, न उठले तर पाहुण्याचा अपमान. मग मेलेल्या किल्लेदाराचे दोन्ही हात सावकाश वर आले, छातीवर जोडले गेले आणि परत बाजूला पडले. डोळे मिटलेलेच.

तरीही कोणी हसलं नाही. या गावाविषयी माझ्या मनात त्या क्षणी जो आदर निर्माण झाला तो कधी जाणार नाही. मी माझ्या शर्टाची बाही चावत होतो.

पण रीत म्हणजे रीत. नारळ हातात द्यावा लागतो. चाचा स्टेजवर चढले, दोन प्रेतांच्या मधून वाट काढत गेले, शेला किल्लेदाराच्या अंगावर पांघरला आणि नारळ त्यांच्या पोटावर ठेवला. सुदामभाऊंना धाप लागली होती. नारळ वर जाई, खाली येई. वर जाई, खाली येई. तिसऱ्यांदा तो कलला आणि घरंगळायला लागला, आणि मेलेल्या माणसानं डोळे मिटून, क्रिकेटमध्ये धरतात तसा, तो एका हातानं झेलला.

बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. सगळे वळले. सुमनवैनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, पण उशीर झाला होता. त्या हसत होत्या. मग अख्खं गाव हसलं, शांतिलालभाऊ हसले, बाण लागलेला प्रफुल्ल कुशीवर वळून हसला. फक्त किल्लेदार मेलेला राहिला. पडदा पडेपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत. कडेनं पाणी तेवढं दाढीत गेलं.

मी मागे गेलो तेव्हा ते खोक्यावर बसले होते, नारळ मांडीवर. "हारलो," एवढंच म्हणाले. सुमनवैनी घरी निघून गेल्या होत्या.

सोमवार: चक्की

सकाळी मी चक्कीवर गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्या शिष्याच्या व्याख्येप्रमाणे, ज्या चुकीनं कोणाला दुखतं ती हसण्याची गोष्टच नव्हे. तुम्हाला दुखलं, म्हणजे कालचं हसणं मुळात चुकीचं, म्हणून ते मोजू नये. मला हे बिनतोड वाटलं होतं. सुदामभाऊ म्हणाले, "वैनीले सांगा थ्या शिष्याले घेऊन."

तेवढ्यात वैनीच आल्या, डोक्यावर गव्हाचा डबा. मंगळवारच्या पोळ्यांचं दळण. डबा ठेवून म्हणाल्या की बारीक दळा, पाहुणे येणार आहेत. सुदामभाऊंनी खाली पाहून चक्की लावली. दळण निम्मं झालं तेव्हा त्याच बोलल्या.

"नारळ काहून झेलला?"

"फुटला असता तं शांतिलालभाऊले वाईट वाटलं असतं."

वैनींनी पुन्हा पदर तोंडाला लावला. मग तो बाजूला करून म्हणाल्या, "वर्ष झालं, मले पाह्यलं का लोकं हळू बोलतात. घरात कोनी हासून राह्यलं असलं अन् मी आली, तं गप होते. काल पयल्यांदा लोकं माह्यासमोर हासले."

"वैनी, सौदा तं…"

"पयले मीच हासली न. मंग सौदा कायचा? उद्या येजा. चार शब्द बोलजा. लोकं हासले तं हासू द्या." दळण डब्यात भरून झाल्यावर उंबऱ्यावरून वळून म्हणाल्या, "पन भाऊ, लांबवजा नका."

सुदामभाऊंनी पिठाच्या हातांनी शपथ घेतली. मंगळवारचं मी बाईंना परतल्यावर लिहिलं, तेच इथे देतो.

*

आदरणीय सुतारबाईंस,

साष्टांग नमस्कार. वाशीमहून सुखरूप आलो. पोट ठीक आहे, ठेच्याविषयी भेटीत सांगेन.

सुदामभाऊंचं आधीचं सगळं सोबतच्या कागदांत आहे, ते अगोदर वाचा. मंगळवारी किसनच्या पुण्यस्मरणाला मीही गेलो. घरासमोर त्याच्या फोटोचा फ्लेक्स होता, मागे वरणाचं पातेलं, पोळ्यांच्या चळती आणि बुंदी. महाराजांचं कीर्तन झालं. मग सुदामभाऊ माईकसमोर उभे राहिले. हसायची परवानगी आहे, ही बातमी गावभर गेली होती. लोक अगदी तयारीनं बसले होते. भुवया वर गेल्या. आणि बाई, कोणालाच हसू आलं नाही. परवानगी मिळाल्यावर ते कुठे गेलं कोण जाणे.

ते बोलायला लागले. किसनच्या जन्मापासून सुरुवात केली. शाळेत दोघं कोणत्या भिंतीपाशी बसायचे, ती भिंत कधी पडली, नंतर कोणी बांधली. किसनच्या सायकलींचा इतिहास झाला, आणि सायकली बऱ्याच होत्या. वर्षभर साठलेलं होतं ते, सगळं निघालं. रडू येईल म्हणून रुमाल काढलेल्या लोकांनी ते परत खिशात ठेवले. मागची माणसं लघवीला म्हणून उठली ती आली नाहीत. रहीमचाचांनी हळूच माईकची वायर काढली, तर सुदामभाऊंनी आवाज चढवला. शांतिलालभाऊ मुद्दाम मुक्काम करून थांबले होते, ते बसल्या जागी घोरत होते.

तेव्हा मला एक आठवलं. त्या ग्रीक गुरूचाही एक गुरू होता. एका मेजवानीत पहाट होईपर्यंत तो दोन नाटककारांना पटवत होता की जो माणूस रडवू शकतो त्यालाच हसवताही आलं पाहिजे, दोन्हींची विद्या एकच. ऐकणारे पेंगत होते आणि शेवटी झोपी गेले. हा प्रसंग वाचताना ते का झोपले ते मला कधी कळलं नव्हतं. आता कळलं. तो आपल्या माणसांत बसला होता आणि त्याला बोलायला मिळालं होतं.

शेवटी सुमनवैनी उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बसा आता. वरन थंडं होऊन राह्यलं. थे असते तं कवाच टपली मारून बसवलं असतं."

सगळे हसले. सुदामभाऊही हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. ते बसले आणि वरण खरंच गार झालं होतं.

लोक कशाला हसतात, ते तुम्ही विचारलं होतं. मला अजून नीट सांगता येत नाही. शिष्याचं पुस्तक सापडलं तर पाहू. पण एक ठरवलं आहे. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी बोलायला मिळावं म्हणून सुदामभाऊंना आधी मरून दाखवावं लागलं. मला ते जमणार नाही. म्हणून मी पुढच्या महिन्यात सांगलीला येतो आहे. तुमच्याविषयी, तुमच्यासमोर बसून, चार शब्द बोलणार आहे. गुऱ्हाळापासून सुरुवात करीन. मध्ये 'पुरे' म्हणू नका, मी उठणार नाही.

तेवढं जेवण आधी उरकून घेऊ.

आपला नम्र विद्यार्थी